बेली पायात असू द्या, उपासमार पोटात नको

गेल्या महिन्यात एक ताई आपल्या सतरा वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलगी बारावीला. सकाळी क्लासला जाताना एस.टी. स्टँडवर तिला चक्कर आली आणि ती खाली बसली. लोकांनी पाणी मारले, रिक्षात घालून घरी पोचवले.

"डॉक्टर, ही जेवतच नाही बघा. सकाळी नुसता चहा, दुपारी अर्धी पोळी, रात्री काकडी. काही म्हटलं तर म्हणते, मला बारीक राहायचंय."

मुलगी खाली मान घालून आपल्या पायांकडे पाहत होती. पायात काळ्या, सपाट, पुढे छोटीशी गाठ असलेल्या बेली होत्या. तपासल्यावर हिमोग्लोबिन आठ निघाले. वजन उंचीच्या मानाने फारच कमी. आईला जरा बाहेर बसायला सांगून विचारले, तेव्हा कळले की चार महिने पाळीच आलेली नाही. ही गोष्ट तिने घरात कोणालाही सांगितली नव्हती.

वाचकहो, आपल्या बाजारपेठेत चपलांच्या दुकानात 'बेली' म्हणून जो सपाट बूट मिळतो, त्याचे नाव 'बॅलेरिना' या शब्दावरून घसरत घसरत आलेले दिसते. बॅलेरिना म्हणजे युरोपातील बॅले नृत्य करणारी स्त्री. या नर्तकीचा बूट जगभरच्या मुलींच्या पायात आला, त्याच सुमारास तिची सडपातळ अंगकाठीही जगभरच्या मुलींच्या मनात शिरली. दोन्हींचा काळ एकच, दुसऱ्या महायुद्धाचा आणि त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांचा. बूट निरुपद्रवी आहे. अंगकाठीचे मात्र तसे नाही. तिच्यामागे काय होते, हे आपल्या लेकीबाळींना माहीत असायला हवे, म्हणून आजचा हा लेख.

आधी बुटाची हकिकत सांगतो. युद्धाच्या काळात अमेरिकेत चामडे सैन्यासाठी लागत होते, त्यामुळे १९४३ साली चामडी बुटांवर रेशन आले. नाचाच्या कापडी बुटांना ते लागू नव्हते. क्लेअर मॅकार्डेल नावाच्या तेथील वेशभूषाकार बाईंनी नाचाचे बूट बनवणाऱ्या कॅपेझिओ कंपनीकडून तसेच बूट, पण रस्त्यावर चालता येईल असा कडक तळ लावून करून घेतले. अडचणीतून निघालेली ही युक्ती पुढे फॅशन झाली. पॅरिसमध्ये रोझ रेपेटो यांनी १९४७ पासून नर्तकांसाठी बूट बनवायला सुरुवात केली. १९५६ साली ब्रिजित बार्दो या नटीसाठी त्यांनी घराबाहेर वापरायचा सपाट बूट केला. बार्दोही मुळात बॅले शिकलेली. तेथून हा बूट जगभर गेला आणि हळूहळू आपल्या गावच्या दुकानापर्यंत आला.

आता त्या काळाकडे पाहू. लंडनचे कॉव्हेंट गार्डन येथील नाट्यगृह युद्धात नाचघर म्हणून वापरले जात होते. २० फेब्रुवारी १९४६ रोजी ते 'स्लीपिंग ब्यूटी' या बॅलेने पुन्हा सुरू झाले. राजकन्येच्या भूमिकेत मार्गो फाँटेन होत्या. बाहेर लोक कूपन देऊन कपडे घेत होते. ब्रिटनमधले कपड्यांचे रेशन १९४१ पासून १९४९ पर्यंत चालले. पाव तर युद्धात मोकळा मिळत होता, त्यावर युद्ध संपल्यावर, म्हणजे १९४६ साली, रेशन आले. अशा ओढगस्तीच्या शहरात रंगमंचावर रेशमी झगे झळकले, तेव्हा लोकांना काय वाटले असेल याची आपण कल्पना करू शकतो. सहा वर्षे राख आणि धूर पाहिलेल्या डोळ्यांना ती हलकी, नाजूक नर्तकी म्हणजे शांततेचे चित्रच वाटली.

पुढच्याच वर्षी, १२ फेब्रुवारी १९४७ रोजी, पॅरिसमध्ये ख्रिस्तियाँ दिऑर यांनी आपले पहिले प्रदर्शन भरवले. त्याला 'न्यू लुक' असे नाव पडले. घट्ट आवळलेली कंबर आणि खाली वारेमाप कापडाचा घोळदार घागरा. पाहताच बॅलेच्या झग्याची आठवण यावी असा. दिऑर यांनी त्याच वर्षी रोलाँ पेती यांच्या बॅलेसाठी पोशाखही केले. फाँटेन त्यांचे कपडे वापरू लागल्या. नाच आणि फॅशन यांची जोडी अशी जमली. युद्धात गणवेश आणि जाडेभरडे कपडे घालून कंटाळलेल्या बायकांनी नटावे, मुरडावे, यात काहीच गैर नव्हते. पण तो पोशाख अंगावर नीट बसायचा तर कंबर बारीक हवी. नसली तर आतून पट्ट्याने आवळून घ्यायची. श्वास अडला, पोट दाबले गेले तरी चालेल. 'शरीराप्रमाणे कपडा' हा साधा नियम उलटा झाला आणि कपड्याप्रमाणे शरीर करण्याची खटपट सुरू झाली.

यानंतर आली ती व्यक्ती, जिचे छायाचित्र आजही मुलींच्या मोबाइलवर फिरते. ऑड्री हेपबर्न. काळी पँट, काळा स्वेटर, पायात सपाट काळे बूट, लांब मान, बारीक कंबर. १९५३ सालच्या 'रोमन हॉलिडे' चित्रपटाने ती जगाला माहीत झाली. १९५४ च्या 'सॅब्रिना'त तिच्या अंगावर जिव्हान्शी या पॅरिसच्या वेशभूषाकाराचे कपडे होते. १९५७ च्या 'फनी फेस'मध्ये तर ती नर्तकीच्या सरावाच्या वेशात पॅरिसच्या कॅफेत नाचली. हजारो मुलींना तिच्यासारखे दिसावेसे वाटले. तोपर्यंत पडद्यावर भरल्या अंगाच्या नट्यांची चलती होती. हिने सडपातळपणाला प्रतिष्ठा मिळवून दिली.

पण ती तशी का होती, हे किती जणांना ठाऊक आहे?

ऑड्री हेपबर्नचा जन्म १९२९ सालचा. आई डच. युद्धाच्या काळात ही मुलगी हॉलंडमध्ये आर्नहेम आणि त्याशेजारच्या वेल्प या गावी राहत होती. तिला बॅले नर्तकी व्हायचे होते, आणि आर्नहेमच्या संगीतशाळेत ती शिकतही होती. सप्टेंबर १९४४ मध्ये दोस्त सैन्याला मदत व्हावी म्हणून हॉलंडच्या रेल्वे कामगारांनी संप केला. त्याचा सूड म्हणून जर्मनांनी देशाच्या पश्चिम भागाकडे जाणारे धान्य अडवले. त्यातच कडाक्याची थंडी पडून कालवे गोठले आणि बोटींची वाहतूकही बंद झाली. त्या हिवाळ्याला डच लोक आजही 'भुकेचा हिवाळा' म्हणतात. ॲम्स्टरडॅममध्ये मोठ्या माणसाला दिवसाला ४०० ते ८०० कॅलरींचे रेशन मिळत होते. आपल्या हिशेबाने ही चार ते आठ पोळ्यांची शिदोरी झाली, तीही भाजी-आमटीशिवाय. लोकांनी ट्यूलिप फुलांचे कंद उकडून खाल्ले. सुमारे २० हजार माणसे दगावली.

ऑड्री तेव्हा पंधरा वर्षांची होती. म्हणजे वाढीच्या ऐन वयात. त्या उपासमारीने तिला रक्तक्षय झाला, श्वासाचा त्रास झाला, अंगावर सूज आली. भुकेने येणारी ही सूज आपल्याकडच्या डॉक्टरांनी कुपोषित मुलांच्या पायांवर पाहिलेली आहे. युद्ध संपल्यावर ती पुन्हा नाचाकडे वळली. १९४८ साली लंडनला मारी रॅम्बर्ट यांच्याकडे शिकायला गेली. मेहनत भरपूर केली. पण तेथे तिला स्पष्ट सांगण्यात आले की, उंची जास्त आहे, आणि युद्धातल्या उपासमारीने शरीर कच्चे राहिले आहे. पहिल्या श्रेणीची नर्तकी होणे तुला जमणार नाही. तेव्हा ती नाटकात आणि मग सिनेमात गेली.

वाचकहो, यातली विसंगती लक्षात घ्या. ज्या शरीराबद्दल बॅलेच्या जाणकार शिक्षिकेने 'हे उपासमारीने कमजोर झालेले आहे' असा निर्वाळा दिला, त्याच शरीराला चार-पाच वर्षांत जगाने सौंदर्याचा नमुना ठरवले. नाजूक बांधा तिचा उपजतही असेल, नाचाच्या कसरतीचाही त्यात वाटा असेल. पण पंधराव्या वर्षी पोटात अन्न नव्हते, हेही त्यात होतेच. यात तिचा काहीच दोष नाही. तिने स्वतः कोणाला उपाशी राहायला सांगितले नाही. उलट आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत ती युनिसेफची सदिच्छादूत म्हणून इथिओपिया आणि सोमालियातील भुकेल्या मुलांसाठी फिरली आणि १९९३ साली वारली. भूक म्हणजे काय हे तिला माहीत होते. तिची छायाचित्रे पाहून जेवण सोडणाऱ्या मुलींना ते माहीत नाही, एवढेच दुःख आहे.

रंगमंचावरही त्याच काळात एक बदल झाला. न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज बॅलन्शीन यांनी १९४८ साली 'न्यूयॉर्क सिटी बॅले' सुरू केला. त्यांच्या 'फोर टेम्परामेंट्स' या १९४६ च्या नृत्याचे मूळ पोशाख भरजरी होते. १९५१ साली ते काढून टाकून नर्तकांना सरावाचे अंगाबरोबरचे साधे कपडे दिले गेले. कलेच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट होती, कारण प्रत्येक हालचाल स्वच्छ दिसू लागली. पण शरीरावरचे पांघरूण गेले. लांब पाय, लहान डोके, अंगावर मांस नाही, अशी नर्तकी आदर्श ठरली. त्या संस्थेत नाचलेल्या गेल्सी कर्कलंड यांनी १९८६ साली आत्मचरित्र लिहिले. त्यात हाडे दिसली पाहिजेत या आग्रहाचे आणि स्वतःच्या उपासमारीचे त्यांनी केलेले वर्णन वाचवत नाही.

डॉक्टरांचे लक्ष तिकडे जायला बराच काळ लागला. १९८६ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टर मिशेल वॉरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७५ बॅले नर्तकींची पाहणी प्रसिद्ध केली. सरासरी वय चोविशीचे. त्यातील ६१ टक्के जणींचे कोठले ना कोठले हाड मोडलेले होते आणि २४ टक्के जणींचा पाठीचा कणा वाकडा होता. ज्यांना पहिली पाळी उशिरा आली किंवा मध्ये दीर्घकाळ बंद पडली, त्यांच्यात हे प्रमाण अधिक होते. पुढे १९९२ साली अमेरिकेतील क्रीडावैद्यकाच्या तज्ज्ञांनी अपुरे खाणे, पाळी बंद होणे आणि हाडे ठिसूळ होणे या तीन गोष्टी एकत्र मांडल्या आणि हे त्रिकूट खेळाडू व नर्तकींमध्ये आवर्जून शोधा, असे सांगितले.

हे घडते कसे, तेही समजून घेऊ. घरात पैसा कमी आला की आपण आधी रंगरंगोटी, पाहुणचार असे खर्च थांबवतो आणि चूल तेवढी पेटती ठेवतो. शरीरही तेच करते. अन्न पुरेसे आले नाही की मेंदू बीजकोषांकडे जाणारे हुकूम कमी करतो. मूल वाढवण्याची ही वेळ नाही, असा त्याचा हिशेब असतो. पाळी अनियमित होते, मग बंद पडते. बीजकोषातून येणारे इस्ट्रोजेन कमी होते. हाडांत चुना भरण्याचे काम त्याच्या देखरेखीखाली चालते, ते मंदावते. हाडांची बहुतेक भरणी अठरा-वीस वर्षांपर्यंतच होते. त्या वयात जी तूट पडली, ती पुढे दूध पिऊन पूर्ण भरून निघत नाही. 'पाळी येत नाही, बरेच झाले, कटकट गेली,' असे काही मुली म्हणतात. ही कटकट जाणे म्हणजे शरीराने दिलेली धोक्याची घंटा आहे. हॉलंडच्या भुकेच्या हिवाळ्यातही असंख्य बायकांची पाळी थांबली होती आणि पुढच्या वर्षी तेथील जन्मांची संख्या कमालीची घटली. शरीराला कारण कळत नाही. अन्न शत्रूने अडवले की आपणच, त्याच्या लेखी उपासमार ती उपासमारच.

मनावरही तिचा परिणाम होतो. १९४४-४५ मध्येच अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञांनी ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने सहा महिने अपुऱ्या आहारावर ठेवले. आहार होता दिवसाला सुमारे १५७० कॅलरींचा. त्यांचे वजन जवळजवळ पाव हिश्श्याने घटले. ते सतत गारठत, थकत, चिडत. नाडी मंद झाली. डोक्यात अन्नाशिवाय दुसरा विचार येईना. कित्येक जण पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागले. काहींना खिन्नतेने घेरले. आज मुली एकमेकींना जे डाएट पाठवतात, त्यांत १२०० कॅलरींचे आकडे सर्रास दिसतात. वाढत्या वयाच्या सोळा ते अठरा वर्षांच्या मुलीची गरज आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सुमारे २५०० कॅलरी सांगितली आहे. तेव्हा मुलगी चिडचिडी झाली, अभ्यासात लक्ष लागत नाही, अशी तक्रार करण्यापूर्वी ती जेवते किती हे पाहा.

आता वाचक मला अडवतील. "डॉक्टर, तुम्हीच तर दर दोन आठवड्यांनी वजन कमी करा, तेल-साखर सोडा म्हणून लिहिता. मधुमेह घरोघरी झालाय. मग मुली बारीक राहिल्या तर बिघडले कोठे?" प्रश्न बरोबर आहे. सुटलेले पोट, बैठे काम, तळलेले पदार्थ यांबद्दल मी जे लिहिले त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. पण ज्याचे वजन जास्त आहे त्याने ते उतरवणे वेगळे आणि जिचे वजन आधीच बेताचे आहे तिने जेवण सोडणे वेगळे. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो, तो प्रौढ स्त्रीत साडेअठराच्या खाली असेल तर ते कमी वजन. अठरा वर्षांखालील मुलींसाठी वयानुसार तक्ते असतात, ते डॉक्टरांकडून समजून घ्यावेत. शिवाय आपल्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील शंभरात ५७ स्त्रियांना रक्तक्षय आढळला. युरोपातली मुलगी भरल्या ताटावरून उठते. आपली मुलगी पुष्कळदा आधीच अर्ध्या ताटावर बसलेली असते. तिला ही फॅशन अजिबात परवडणारी नाही.

मधुमेहाचे म्हणाल, तर त्याचाही धागा येथे आहे. भुकेच्या हिवाळ्यात जी मुले आईच्या पोटात होती, त्यांच्यात मोठेपणी रक्तातील साखरेचा बिघाड अधिक आढळला. आपल्याकडे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून जो दीर्घ अभ्यास चालवला, त्यात दिसले की, अशक्त मातांची बाळे वजनाला हलकी असली तरी त्यांच्या अंगात चरबीचा वाटा तुलनेने जास्त असतो, आणि ही ठेवण पुढे मधुमेहाकडे झुकते. म्हणजे आजच्या मुलीचे अर्धपोटी राहणे हे तिच्यापुरतेच राहत नाही.

नाचाला माझा विरोध नाही. बॅले असो, भरतनाट्यम असो, लावणी असो की गरबा. नाचण्यासारखा व्यायाम नाही. माझे म्हणणे एवढेच की, नाचणाऱ्या मुलीला इतरांपेक्षा जास्त अन्न लागते, कमी नव्हे. फॅशनच्या जगालाही हे उशिरा का होईना पटू लागले आहे. इस्रायलमध्ये २०१३ पासून आणि फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेल मुलींना काम करण्यापूर्वी डॉक्टरांचा दाखला द्यावा लागतो. जेथून ही हवा सुटली, त्या पॅरिसला कायदा करावा लागला. आपण निदान घरातल्या ताटापुरता तरी नियम करायला काय हरकत आहे?

आईवडिलांनी काही खुणा लक्षात ठेवाव्यात. मुलगी सर्वांबरोबर जेवायचे टाळते, 'मैत्रिणीकडे खाल्लं' असे वारंवार सांगते, जेवल्यावर लगेच मोरीत किंवा संडासात जाऊन बराच वेळ लावते, थंडी नसताना गारठते, केस गळतात, चक्कर येते, सलग तीन महिने पाळी येत नाही. यातले काहीही दिसले तर डॉक्टरांना दाखवा. रागावू नका, ताटावरून भांडण करू नका. 'जाडी', 'ढब्बी', 'आता तुला नवरा कोण करणार' अशी थट्टा तर मुळीच नको. ती काकांनी केली काय किंवा आजीने केली काय, ती मुलीच्या मनात वर्षानुवर्षे राहते. फार खंगलेल्या मुलीला एकदम भरमसाट खायला घालणेही धोक्याचे असते. आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वाढवावा. खाण्याची भीती मनात बसलेली असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा मानू नये. ताटात भाकरी, उसळ, पालेभाजी, दही, शेंगदाणे, मोसमातले एखादे फळ आणि चालत असेल तर अंडे, एवढे असले तरी पुष्कळ होते. महागडी पावडर लागत नाही.

त्या मुलीला मी ऑड्री हेपबर्नची ही हकिकत सांगितली. तिने ते नाव ऐकले नव्हते, पण मोबाइलवर छायाचित्र दाखवताच ओळखले. "ही उपाशी होती?" तिने विचारले आणि बराच वेळ त्या चित्राकडे पाहत राहिली. लोहाच्या गोळ्या, आहार, पाळीसाठी आवश्यक त्या तपासण्या आणि दर पंधरा दिवसांनी गप्पा मारायला यायचे, असे ठरले. परवा ती तिसऱ्यांदा येऊन गेली. वजन दीड किलोने वाढले आहे. पाळी अजून सुरू झालेली नाही, त्याला वेळ लागेल. जाताना दारातून वळून म्हणाली, "डॉक्टर, बेली घातल्या तर चालतील ना?"

मी म्हटले, "खुशाल घाल. टाच दुखली तर मात्र सांग, त्यांचा तळ फार पातळ असतो. आणि घरी गेल्यावर आधी जेव."